उजवा खालचा कोपरा

कनेरगाव नाका, जि. हिंगोली
९ फेब्रुवारी २००३

आदरणीय प्रभूदाजी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे भारतचा, दोन्ही हात जोडून नमस्कार (पेन खाली ठेवून खरोखर जोडले, मग पुन्हा उचललं). तुमची तब्येत, पुण्याचं पाणी आणि कंपनीतले साहेब हे तिन्ही ठीक असावेत. इकडे रागिणीताई आणि बाळ खुशाल आहेत. तुम्हाला बारशाला रजा मिळाली नाही म्हणून सोबत फोटो पाठवतो आहे. पण ते बघण्याआधी कृपा करून हे पत्र पूर्ण वाचावं.

मुद्दा लेन्सचा आहे. हिंगोलीच्या किसनसिंगांनी स्टुडिओ बंद करताना त्यांचा जुना रशियन कॅमेरा मला दिला, हे तुम्हाला माहीतच आहे (तुमच्या लग्नात तुमचं डोकं मी त्यातच कापलं होतं). या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही, बघायची खिडकी वर वेगळी असते. आणि लेन्स आहे लोटीएवढी जाड. तिचं पोट खिडकीच्या आड येतं, त्यामुळे उजवा खालचा कोपरा मला दिसतच नाही. फोटोत मात्र तो बराबर येतो. तर तुमच्या कंपनीजवळच्या दुकानात जपानी लेन्सा आल्यात, जुन्या घाटाच्या पण नव्या कोऱ्या. यादी मला पाठ झाली आहे. एक आत ढकलली की बसकी होणारी. दुसरी चपटी, कुंकवाच्या करंड्याएवढी, बोटाने फिरवायला खाली चिमुकली दांडी असलेली. तिसरी पितळी, इतकी देखणी की तिचाच फोटो काढावा. आठ दिवस मी ताटात भाकरीचे तुकडे मांडून तिघींची मापं घेतोय. आई म्हणते, "सांगून आलेल्या पोरीचा फोटो दाखवला तर मान वर करत न्हाई, अन् काचेपायी जेवण सोडून राहिला." शेवटी चपटी ठरवली. का, ते बारशावरून कळेल.

बारशाला मी पाळण्यासमोर उकिडवा बसून धडाधड फोटो काढले. तुमच्या बहिणीने, मोहिनीने, आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायांनी रिवाजाप्रमाणे "कुर्र" करत तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती पाठ चोळत मला म्हणाली, "अहो फोटोवाले, झाकण काढायचं न्हाई का?" लेन्सवर झाकण तसंच होतं! खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं, मला काय कळणार? चांगुणामावशीने हुकूम सोडला, "घाला लेकराला पुन्हा पाळण्यात!" बाळाला पुन्हा झोपवेपर्यंत मी अब्रू वाचवायला मोहिनीला खिडकी, लेन्स आणि न दिसणारा कोपरा हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. मग दुसरं बारसं झालं. बायांचे हात एव्हाना सरावले होते, त्यामुळे धपाटे पहिल्यापेक्षा जोरात बसले. त्याचा सूड तिने माझ्यावर घेतला.

आता फोटो बघा. मध्ये बाळ, ताई, मावशी, सगळं झकास. आणि प्रत्येक फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात तुमची बहीण. एकात जीभ बाहेर, एकात दोन्ही गालांत घुगऱ्या, एकात माझीच टोपी घालून माझ्यासारखी उकिडवी. तेविसाव्यात तर तिने लेन्सचं झाकण चष्म्यासारखं डोळ्याला लावलंय (ते झाकण मी दोन दिवस गोठ्यात शोधत होतो). एवढं होऊनही तुमच्या वडिलांचा निरोप आला, की मोहिनीसाठी वाशीमचं स्थळ आहे, त्यांना पाठवायचा फोटो भारतनेच काढावा. दोनदा नरसीला तुमच्या घरी जाऊन आलो. दोन्ही रोल कोरे निघाले. दोष सगळा या जाड्या लेन्सचा आहे. म्हणून चपटी लेन्स शनिवारच्या गाडीने नक्की पाठवावी.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
भारत

ता.क. लेन्सचा मागचा आटा माझ्या कॅमेऱ्याला जुळतो का, ते दुकानदाराला विचारून घ्यावं.

आणखी ता.क. विचारू नका. लेन्स नको. तेविसाव्या फोटोचा नुसता कोपरा मी मोठा करून आणलाय आणि नाक्यावरच्या माझ्या स्टुडिओत माझ्या खुर्चीसमोर टांगलाय, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा. दाजी, कोपऱ्याचं ते व्याख्यान आजवर कुणीही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, आमच्या आईनेसुद्धा. मोहिनीने इतकं नीट ऐकलं की नेमकी तिथेच जाऊन बसली.

शेवटचा ता.क. नरसीला दोन्ही वेळा मी चहा पीत असताना मोहिनीने लेन्सवर हळूच झाकण बसवलं. दोन्ही वेळा मला दिसलं. दोन्ही वेळा मी तसेच छत्तीस फोटो काढले आणि ती हसू दाबत छत्तीस वेळा नीट बसली. आता तुमचे वडील हिंगोलीचा फोटोवाला बोलावणार आहेत. कृपा करून त्याआधी माझ्यासाठी त्यांना फोन करा. त्याचा कॅमेरा नवा आहे, झाकण असलं की त्याला लगेच कळतं.