पॅसेजमधलं बाकडं

ता. ४ फेब्रुवारी

चि. शेवाळबाईस,
अ. उ. आ.

आमच्या इमारतीच्या पॅसेजमधलं एक बाकडं माझ्या जिवावर उठलं आहे, हे कळवताना अत्यंत दुःख होत आहे. दुःख उजव्या नडगीत आहे. तळमजल्यावरच्या घड्याळजींनी ते दुकानातून आल्यावर टेकायला म्हणून आणलं. दिवसभर ते भिंतीला चिकटून सज्जनासारखं उभं असतं. मी संध्याकाळी छापखान्यातून परतलो की मात्र पुढे सरसावतं. तुमचं फर्निचर चालतं, असं मी घड्याळजींना तोंडावर सांगितलं. त्यांनी शांतपणे कळवलं, की आणल्यापासून ते तसूभर हललेलं नाही. हललं असेल तर माझं डोकं. तेव्हापासून अबोला. वर त्यांचीच तक्रार, की ते रोज संध्याकाळी मला हात करतात आणि मी बघून न बघितल्यासारखं करतो. मी कुणाचेही हात पाहिलेले नाहीत.

रविवारच्या सदरात बाकड्याची खरडपट्टी काढणार आहे. तुझं कसं काय? प्रयोगशाळेत शेवाळाच्या केसांची निगा राखल्याबद्दल अजून पगार मिळतो ना? तुझी वहिनी मजेत. हल्ली संध्याकाळी फिरायला एकटीच जाते. मी घरी बसून समाजावर टीका करतो.

लोभ आहेच, सोबत मलमाची एक ट्यूब असल्यास उत्तम.

तुझा,
दादा


ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले. मग परत वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. ते बाकडं तुला सकाळी कधी लागलंय का? गेल्या पत्रात सिनेमागृहाच्या पायऱ्या चुकीच्या जागी होत्या. त्याआधी माझ्या वाढदिवसाला दिवे मालवले, तर तू सरळ केकवर हात टेकलास आणि आम्ही तुला विनोदी म्हणालो. आणि मामा आठव. दिवेलागणीच्या आत घर गाठायला उठून चालू पडायचा. आपण त्याला कोंबडी म्हणायचो.

शेवाळ ज्यांनी पोहतं त्या केसांची तू टिंगल करतोस, पण तुझ्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या प्रत्येक पेशीत तसाच एक केस आहे. ती पेशी म्हणजे दोन खोल्यांचं घर समज. मागच्या खोलीत प्रथिनं तयार होतात, पुढच्या खोलीत ती उजेड टिपतात, आणि मधे एकच अरुंद पॅसेज. तो पॅसेज म्हणजेच तो केस. पुढच्या खोलीतला माल रोज झिजतो, रोज नवा लागतो, पण तो आपोआप जात नाही. दारात पहारा असतो; ज्याच्यावर तिकडची खूण, त्यालाच आत सोडतात. काही प्रथिनं तर नुसती हमालीच करतात: काही माल पाठीवर घेऊन रुळावरून पुढे नेतात, काही उरलंसुरलं मागे आणतात. पहारा बिघडला की माल मागेच तुंबतो आणि पुढची खोली हळूहळू ओस पडते. मंद उजेडाच्या पेशी आधी थकतात.

इतकी वर्षं मी हा बिघाड शेवाळात मुद्दाम घडवून बघत आले. तो तुझ्यात आहे असं मला वाटतंय, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं ठरायचंय. डोळे दाखवून ये. बाकीचा लोभ त्यानंतर.

तुझी,
धाकटी


ता. २० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न.

तुमचं पत्र ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. कोंबडीपाशी आले आणि आवाज बंद. तेव्हापासून विनोदही बंद आहे. घर ओळखू येत नाही. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाले, तपासलं की ते खरं होईल.

एक सांगते, हसू नका. गेल्या वर्षी ह्यांनी संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येणं सोडलं. कधी पाय दुखतो, कधी सदर लिहायचंय. मला वाटलं, माझा कंटाळा आला. विचारायचं धाडस झालं नाही, न जाणो खरं उत्तर मिळायचं. परवा पत्र ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि त्यातलं निम्मं रडणं सुटकेचं होतं. त्याची लाज वाटते.

काल मी ह्यांना सांगून टाकलं, की दिसलं नाही तरी चालेल, पण बरोबर न येणं यापुढे चालणार नाही. आज सकाळी डॉक्टरकडे जायला स्वतःच चपला घालून दारात उभे, वर मलाच म्हणतात, उशीर करतेस.

माया राहू द्या, आणि रोज एखादं पत्र टाका.

तुमची,
वहिनी


ता. ९ एप्रिल

चि. शेवाळबाईस,
अ. उ. आ.

तू खरी ठरलीस. अभिनंदन करायचं जिवावर येतंय. डॉक्टरीणबाईंनी मला काळोख्या खोलीत बसवून दिव्यांचे ठिपके दाखवले. मी मोजकेच पाहिले; बाकीचे होते यावर माझा अजून विश्वास नाही. रक्ताचाही निकाल आला. पहाराच बिघडलेला. मामाचाच वारसा, आईच्या वाटेने आलेला. बापाकडून मुलाकडे मात्र तो जात नाही, म्हणजे आमच्या चिरंजीवांना माझं फक्त नाक मिळालं. हे कळल्यावर तुझी वहिनी महिन्याभरात प्रथमच हसली. तीही नाकालाच.

आज इलाज नाही. दिवसाचं दिसणं पुष्कळ काळ पुरेल, कडेकडेने आकसत जाईल. तू घाई कर असं म्हणणार नाही. केस नीट विंचर. मामाला आपण जे म्हणायचो, ते मात्र आता माझ्याच्याने म्हणवत नाही.

बाकड्यावरचं सदर फाडून टाकलं.

काल दिवेलागणीनंतर हिचा कोपर धरून खाली उतरलो. पॅसेजच्या मिणमिणत्या दिव्यात सगळ्यांना दिसतं ते मला दिसलं नाही. हिने हळूच सांगितलं, की बाकडं डावीकडे आहे, घड्याळजी बसलेत आणि त्यांनी हात केलाय. इतकं ऐकून घेऊनही हा माणूस रोज हात करतच होता! मी काळोखाकडे तोंड करून हात वर केला. एकाने भागेना, मागची थकबाकी मोठी. म्हणून दुसराही वर केला, आणि ही पुरे म्हणेपर्यंत दोन्ही हलवत राहिलो.

तेवढ्यात बाकडं करकरलं. ही म्हणाली, सरकून घड्याळजींनी जागा केली आहे.

लोभ आहेच, यापुढे तो हाताला धरून असावा.

तुझा,
दादा