तनुजाच्या पेशी आणि माझ्या आठ सह्या

२६ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ११

थिसिस डिसेंबरात सबमिट करायचा. पक्कं. (मागचा डिसेंबर धरायचा नाही.)

ज्युनिअर तनुजा पंधरा दिवस दौलताबादला चालली. आईचं ऑपरेशन आहे. तिच्या पेशी माझ्याकडे सोपवल्या. दिवसाआड मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, बदलायचं आणि रजिस्टरात सही करायची. म्हणाली, दादा, लई मेहनतीच्या पेशी हायेत, तेवढं बघा. मी म्हटलं, निर्धास्त जा.

विषय दोघांचा एकच. पेशी कधी कधी ठरवून मरते, नीटनेटकी, शेजारणीला त्रास न देता. तो हुकूम पोचवणाऱ्यांत इनॉसिटॉल फॉस्फेट नावाची रेणूमंडळी असतात. त्यातला एक प्रकार बनवणारं एन्झाइम तनुजाने पेशींतून काढून टाकलंय. आता त्या सहजासहजी मरणार नाहीत, असा तिचा अंदाज. चार महिने खपली बिचारी.

आज मीडियम बदललं. वेळ वाचावा म्हणून १० तारखेपर्यंतच्या आठही सह्या एकदमच करून टाकल्या. वेळ सगळीकडे साडेदहा. शिस्त म्हणजे शिस्त.

२८ सप्टेंबर, रविवार

औरंगपुऱ्यात दसऱ्याचा शर्ट घेतला. मीडियम उद्या. एका दिवसाच्या उपासाने माणूस मरत नाही, पेशी काय मरणार?

३० सप्टेंबर

काल राहिलंच. आज निघालो होतो, पण क्रांती चौकात जुना रूममेट भेटला. चार चहा झाले. संशोधकाला डोकं ताजं लागतं.

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. बिल्डिंगला कुलूप. हा दोष माझा नव्हे.

४ ऑक्टोबर, दुपारी

इन्क्युबेटर उघडला. लाल मीडियम पिवळं पडलेलं, म्हणजे खाद्य संपलेलं. पेशी सुटून तरंगतायत. सगळ्या.

आधी दार परत लावलं. मग शास्त्रज्ञासारखा विचार केला. एन्झाइम नसतानाही मेल्या, म्हणजे तिचा अंदाजच चुकला असणार. हाही एक निष्कर्षच. (शेजारच्या फ्लास्कमधल्या माझ्या पेशीही मेल्यात. ते वेगळं.)

वरून ताजं मीडियम घातलं. छान लाल दिसतंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

तनुजा लवकर परत आली. आई बरी आहे. माझ्यासाठी पिशवीभर सीताफळं आणली. म्हणाली, दादा, तुम्ही होतात म्हणून आईपाशी बसता आलं. आणि मग इन्क्युबेटर उघडला.

बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होती. मीडियम वेळेवर बदललं होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, रजिस्टर बघ.

हे मी का म्हटलं?

७ ऑक्टोबर

तनुजाला खरं सांगायचं ठरवलं. मी दोनदा सांगायला गेलो. एकदा फोन आला, एकदा मीच फोन आल्यासारखं केलं.

सीताफळं खायची नाहीत असं ठरवलं. दोनच खाल्ली. फार पिकली होती.

८ ऑक्टोबर

तनुजाने गाइडच्या, म्हणजे मंजुषा मॅडमच्या नावे अर्ज लिहिलाय. आपला अंदाज चुकीचा निघाला, विषय बदलून मिळावा. मला वाचायला दिला. मी हातात पेन घेऊन एक वाक्य सुधारून दिलं.

लाज वाटते. स्पष्टच लिहितो, लाज वाटते. बिघडलेली पेशी स्वतः संपते, पण शेजारणीला धक्का लावत नाही. सहा वर्षं हेच वाचतोय.

उद्या सांगतो. आधी नीट मुद्दे काढतो.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी

सांगितलं. मुद्दे विसरलो. नुसतं, पहिल्या दिवसानंतर मी बदललंच नव्हतं, एवढंच तोंडातून आलं.

तिला सोमवारीच कळलं होतं. दसऱ्याला साडेदहाची माझी सही बघून तिने वॉचमन फकिराकाकांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी चिटपाखरू बी आलं नाय. शिवाय आठ आणि दहा तारखेच्या सह्या तर त्या तारखा उजाडायच्या आधीच झालेल्या.

मी विचारलं, मग तो अर्ज? म्हणाली, मॅडमकडं दिलाच नाय. तुम्ही तो वाचून तरी सांगता का, ते बघत होते. तुम्ही वाक्य सुधारलंत.

आणि पेशी? त्याच पेशींच्या दोन कुप्या तिने आधीच गोठवून ठेवल्यात. कधी, म्हणून विचारलं. म्हणाली, २५ तारखेला. तुमच्याकडं द्यायचं ठरलं, त्याच दिवशी.

सुटलो म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रजिस्टरात उद्याची सही अजून तशीच आहे. खोडायला हवी. उद्या खोडतो, साडेदहाला.