साक्षीत नसलेला डॉक्टर

१. माझा, सोनल जयप्रकाश आढाव हिचा, जन्म १९९४ साली जालन्यात झाला. जिभेखालचा पडदा आखूड असल्याने चौथ्या वर्षापर्यंत माझे बोलणे फक्त घरच्यांना कळे. मी मुकी नव्हते.

२. ११ फेब्रुवारी १९९९ रोजी वडिलांनी मला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पडदा कापला. आई त्या दिवशी उपास-प्रार्थनेला बसली होती.

३. तेव्हापासून आई, श्यामला आढाव, चर्चच्या मंचावर माझ्या प्रत्येक गाण्याआधी साक्ष देते: "माझं लेकरू मुकं होतं. प्रभूनं जीभ सोडली." साक्षीत डॉक्टर नाही. वडीलही नाहीत.

४. २०१७ पासून मी कुवेतमध्ये दवाखान्यांतील यंत्रे तपासते. शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे प्रभूची भक्तिगीते गाते, संध्याकाळी वफ्राच्या फार्मवर इंजिनिअर मंडळींपुढे अमेरिकी कंट्री गाणी. आई २०२१ पासून माझ्याजवळ आहे.

५. जानेवारी २०२६ मध्ये उजव्या स्वरतंतूवर चार मिलिमीटरची कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रिया रविवारी, १८ तारखेला ठरली.

६. शुक्रवारी, १६ तारखेला, आईने मंचावरून जाहीर केले की गाठ विरघळली. मी शेजारी उभी होते. गायले.

७. रविवारी मी दवाखान्यात गेले नाही.

८. जूनमध्ये गाठ एकोणीस मिलिमीटर भरली. १२ जुलैला पूर्ण स्वरयंत्र काढतील. जगले तरी गाणार नाही.

हे सर्व माहीत असताना, कोणत्याही औषधाच्या अंमलाखाली नसताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने मी पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. व्यवस्थापक म्हणून माझा गिटारवादक सुशांत बनसोडे याला नेमते.

जालन्याचे घर आईला, बिनशर्त. तिला दुसरीकडे कोणी महिनाभरही ठेवून घेणार नाही.

माझी हत्यारे आणि मल्टिमीटर सहकारी यूसुफला. तो वस्तू जागेवर ठेवतो.

गिटार सुशांतला. "सोनलताई, टोपी पण दे की," असे तो मघाशी म्हणाला. कंट्री गाताना घालते ती टोपीही त्यालाच. ती घालून तो आणखी वाईट दिसेल, हे त्याला सांगितले आहे.

वडिलांनी १९९९ चे दवाखान्याचे कार्ड याच गिटारच्या पेटीत अस्तराखाली जपले होते. ते वारले तेव्हा मला सापडले. त्यावर तारीख, शस्त्रक्रियेचे नाव आणि डॉक्टरांची सही आहे. हे कार्ड आईला.

कलम सातचा खुलासा आवश्यक आहे. शनिवारी आई इस्त्री करत होती. म्हणाली, "सोने, उद्या तिथं कुणी पाहिलं तर? देवाला खोटं पाडतीस?"

"देवाला नाही, तुला."

"बापासारखी बोलायलीस. चाळीस माणसं उपास करायलेत तुझ्यासाठी."

मी रविवारचा गजर बंद केला. यंत्राच्या दाखल्यावर सही करण्याआधी मी दोनदा रीडिंग घेते. पाच महिने स्वतःच्या घशाचे एकदाही घेतले नाही. ही चूक माझी आहे, आणि तिचा वाटा कोणाला देत नाही. आईची चूक वेगळी आहे.

माझी चौसष्ट गॉस्पेल गाणी ध्वनिमुद्रित आहेत. ती आईला हवी आहेत. त्यांच्याशिवाय तिच्या साक्षीला कोणी बसत नाही. ती एका अटीवर मिळतील. येत्या शुक्रवारी, ३ जुलैला, तिने त्याच मंचावर हे कार्ड पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचावे. आधी प्रार्थना नको, नंतर गाणे नको. मी समोर बसेन.

तिने वाचले नाही, तर सुशांतने सर्व मूळ फायली आणि प्रती १२ जुलैपूर्वी पुसाव्यात. मी जगले तरी पुसाव्यात. सुशांत म्हणाला, "ताई, यात शिक्षा आईला नाही, आम्हाला आहे." त्याचे म्हणणे बरोबर आहे. अट कायम आहे.

माझ्या मरणावर किंवा जगण्यावर आईने साक्ष देऊ नये.

साक्षीदार: कौमुदी साळवे, परिचारिका, खैतान आणि यूसुफ रहमान, तंत्रज्ञ, अबू हलीफा. दोघांनी माझ्यासमक्ष व मी त्यांच्यासमक्ष सही केली.

सही: सोनल जयप्रकाश आढाव
अबू हलीफा, कुवेत. शुक्रवार, २६ जून २०२६

प्रत: श्रीमती श्यामला आढाव, आतली खोली.
आई, कार्ड वाचणार की नाही, ते बुधवार, १ जुलैपर्यंत लेखी कळव.