तिसऱ्या घंटेनंतर

आबा,

काल तुम्ही माझं काम बघायला जळगावच्या नाट्यगृहात पोहोचलात, तेव्हा तिसरी घंटा झाली होती. त्यानंतर मध्यंतरापर्यंत दार उघडायचं नाही, हीच माझी नोकरी. मागे एकदा उघडलं, तेव्हा व्यवस्थापक हितेंद्रभाऊ म्हणाले, "पुन्हा उघडलंस तर चोपड्याची बस धर." घरी परतले की तुम्ही ठरवलेलं लग्न होतं.

"कामे, उघड वं. मी आबा शे."

कडी माझ्या मुठीत होती. मी श्वासही ऐकू दिला नाही.

मध्यंतरात पायरीवर घरच्या केळ्यांची फणी होती, तुम्ही नव्हतात. हितेंद्रभाऊ केळं सोलत म्हणाले, "आता तू नोकरीत पक्की."

दारामागे मीच होते, हे तुम्हाला कळवायला हात धजत नव्हता, तरी लिहिलं. आबा, पुढच्या प्रयोगाला पहिल्या घंटेलाच या. तेव्हा दार उघडं असतं.

तुमची,
कामिनी