पळसाच्या पानाची पुडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझ्यावर रागावून लिहायला बसले आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी कधीचीच आली, तरी नदीकाठी, आपल्या गंगेवरच्या फुलबाजारात त्या गुपचूप चालायच्याच. आता महापालिकेची गाडी वरचेवर फिरते, दंड करते आणि फुलवाल्यांची नुसती धांदल उडते. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून देतं, ओल्या फुलांनी ते फाटतं आणि शेवंती रस्त्यावर. निवांत असते ती एकटीच, तू फुलं विकायचीस तेव्हा तुझ्या हाताखाली निवडायला होती ती मुलगी. तुझ्याच जागेवर बसते. पळसाची दोन पानं, केळीच्या सोपटाच्या दोरीचा एक वेढा, की झाली पुडी तयार. गिऱ्हाईक कौतुक करतं, कचरा नाही, काही नाही, किती छान! त्यावर ती म्हणते, “आमच्या आईनं शिकवलंय.”

आमच्या आईनं! मला किती झोंबलं म्हणून सांगू. पर्यावरणाचं भलं होतंय, गटारी तुंबत नाहीत, सगळं मान्य. माझा मात्र जळफळाट होतो.

शाळा सुटली की मी तुझ्या शेजारी येऊन बसायचे. पानांच्या गठ्ठ्याला हात लावला की तू चापट मारायचीस. “पुस्तक धर. तुला नाय बसायचं हितं.” आणि एकदा पलीकडे तिची बोटं हातात धरून तू वेढा कसा ओढायचा ते दाखवलंस, तिचं चुकलं तेव्हा खळखळून हसलीस. माझं गणित चुकलं तेव्हा तू कधी हसली नाहीस. मी शिकले, बँकेत लागले, तुझ्या कष्टांचं चीज झालं असं सगळे म्हणतात. तुझ्या हातात जे होतं ते मात्र तिला मिळालं.

गेल्या गुरुवारी गजरा घ्यायला गेले, तर तिनं लगबगीनं पोतं अंथरलं. “या ताई, बसा. शिकवू का? लय सोपं हाय. आईनं मला एका दिवसात शिकवलं व्हतं.” तिच्या बोलण्यात जराही खोट नव्हती, त्याचाच मला जास्त राग आला. घाईत आहे म्हणाले आणि गजरा मुठीत धरून निघाले.

हे पत्र टाकणार तरी कुठे? राहील पर्समध्ये. पण तुला म्हणून सांगते, मला कसलीही घाई नव्हती. शिकायचंसुद्धा होतं, फक्त तुझ्याकडून.