शेजाऱ्याची संमती

मंगळवार, संध्याकाळ

शहराचा नियम मी गल्लीतल्या प्रत्येकाला उत्साहाने समजावला होता: जमिनीतून गॅस काढण्याची विहीर घरांपासून निदान सहाशे फूट दूर हवी; जवळच्या घरमालकांनी लेखी संमती दिली, तरच सिटी कौन्सिल ती त्याहून जवळ खोदू देते. आज कौन्सिलच्या सुनावणीत गॅस कंपनीने आमच्या गल्लीजवळच्या नव्या विहिरीसाठी शेजारच्या निखिलची सही दाखवली. माझ्या पत्नीचा दमा त्याला ठाऊक आहे, तरीही सही. बाहेर गाठले, तर म्हणतो, "काका, सही दिली की चालतं, हे तुम्हीच एक्सप्लेन केलंत. आणि आम्ही तर घर विकून प्लेनोला मूव्ह होतोय." म्हणजे सही त्याची आणि धूर तिच्या छातीत? सही करणाऱ्याने तिथे राहिलेच पाहिजे, अशी अट नियमात नाही. मला हे कसे दिसले नाही? ठीक. त्याचे घर पाहायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, विहीर नेमकी कुठे येणार, हे मी सविस्तर समजावीन.