नकाशाबाहेरच्या पाणपोईचे पाणी तपासण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
भूजल तपासणी कक्ष, भोपाळ.

विषय : डिझेल गळतीच्या संगणकीय मॉडेलची हद्द रस्त्यापलीकडे वाढवणे.
संदर्भ : आपल्या कक्षाचे उत्तर, "सदर बोअर अभ्यासक्षेत्राबाहेर असल्याने दूषित होण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

महोदय,

आपण मराठी जाणता असे कळल्याने अर्ज मराठीत केला आहे. हिंदी प्रत जोडली आहे.

१. अर्जदार भालचंद्र पांढरीपांडे, निवृत्त लिपिक, अयोध्या नगरात एकटा राहतो. त्याची पत्नी वंदना दोन वर्षांपूर्वी वारली. उन्हातून आलेल्याला ती पाणी दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे, म्हणून वर्षश्राद्धाला अर्जदाराने फाटकाशी तिच्या नावाची पाणपोई उघडली. पाणी घरच्या बोअरचे.

२. रस्त्यापलीकडच्या इंधन डेपोची जमिनीतली टाकी गळाली. माती-मुरमाच्या छिद्रांतून डिझेल, पाणी आणि हवा एकत्र कशी सरकतात, याचे गणित आपल्या कक्षाने संगणकावर मांडले. जमिनीचे चौकोन पाडले आणि शेवटची रांग रस्त्याशी बंद केली. त्या कडेतून काहीच पलीकडे जात नाही, असे धरले. गणित करणाऱ्या गौरीताईंना अर्जदाराने नागरिकांच्या सभेत विचारले. त्या म्हणाल्या, "काका, कड कुठेतरी धरावीच लागते. पण तुमची मोटर दिवसभर चालते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. उपसा जिकडे, तिकडे डिझेल ओढलं जातं." म्हणजे पाणपोईच डिझेलला गल्लीत आणत होती.

३. पाण्याला वास येऊ लागल्यावर अर्जदार स्वतः नळाचे पाणी पिऊ लागला. पाणपोईला एकदा कुलूपही लावले. तेव्हा शेजारच्या रत्नप्रभावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बायकोच्या नावाचं पाणी वर्षात आटलं का हो?" अर्जदाराने शरमेने कुलूप काढले. त्यानंतर लोक वंदनाचे नाव घेऊन पीत राहिले आणि अर्जदार खिडकीच्या पडद्याआडून पाहत राहिला.

४. त्याने आपल्याकडे बंदीची नोटीस मागितली. हद्दीबाहेर नोटीस लावता येत नाही, असे उत्तर आले. मग अर्जदाराचे घर रस्त्याच्या डेपोकडच्या बाजूला धरावे, अशी विनंती त्याने केली. कागदावर घर सरकवता येत नाही, असे तोंडी कळवण्यात आले. खरे तर पाणी सरकारने बंद केले, असे वहिनींना सांगता यावे, एवढ्यासाठीच ती नोटीस हवी होती.

५. आज सकाळी अर्जदाराने मोटरीचा फ्यूज काढला आणि वहिनींना खरे कारण सांगितले. नातीसाठी पाणपोईवरून भरून नेलेला हंडा त्यांनी त्याच्यादेखत मोरीत ओतला.

सबब नोटिशीची मागणी मागे घेत आहे. गल्लीतल्या सगळ्या बोअरचे नमुने घ्यावेत आणि मोटर चालू धरून गणित पुन्हा करावे, ही विनंती. मोटर कधीपासून, किती वेळ चालत होती, ते अर्जदार येऊन सांगेल. किती जण पाणी प्यायले, ते त्याला सांगता येणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
भालचंद्र पांढरीपांडे
अयोध्या नगर, भोपाळ
दि. १९ मे २०२५

सोबत : १) हिंदी प्रत. २) आपल्या उत्तराची प्रत. ३) बोअरच्या पाण्याची बाटली. कृपया टेबलावर ठेवू नये, कुणी तहानलेला पिऊन टाकेल.